तेरच्या बाहुलीपासून लिओच्या गाडीपर्यंत : दुकानदारांनी वाचवलेली खेळणी

हा भाग पुसेगावहून. आधीच सांगतो, सातारचं नव्हे. सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव तिकडं खटाव तालुक्यात. मी बोलतोय ते हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावातून. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण एकदा मी मागवलेलं एक पार्सल पिनकोड बरोबर असूनही गावाच्या नावावरून सातारला जाऊन आलं. अठरा दिवस फिरत होतं. आत होती नव्वदच्या दशकातली एक छोटी धातूची गाडी. गाडीला काही झालं नव्हतं, पण खोक्याचा कोपरा दबला होता. संग्राहकांच्या जगात खोकं दबलं की भाव निम्मा. आईला हे अजून पटत नाही. तिचं म्हणणं, खोक्याशी कोण खेळतंय?

तर, दिवसा मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून कोड लिहितो आणि रात्री जुनी खेळणी विकतो. दुकान म्हणजे काय, एक मोबाइल, एक टेबल, दोन ट्यूबलाइट, मागं लावलेला पांढरा कार्डशीट आणि धान्याच्या कोठीशेजारची एक खोली. बीटेक झालेलं पोरगं बाहुल्या विकतंय हे गावात सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला हसायचे. आता कुणाच्या माळ्यावर काही निघालं की फोन येतो.

मागच्या महिन्यात हिंगोलीहून एक मेसेज आला. "दादा, आईच्या पत्र्याच्या पेटीत लाकडी फळं निघाली. तुम्ही घेता म्हणे. काय द्याल?" खाली फोटो. आंबा, सीताफळ, मिरची, पेरू आणि एक चोच मोडलेला पोपट. मोडल्या जागी आतलं फिकट, हलकं लाकूड दिसत होतं. हे निर्मलचं काम आहे, हे मला एका नजरेत कळलं. ताईंना ते माहीत नव्हतं, हे मेसेजवरून तितकंच कळत होतं.

माझा अंगठा काय टाइप करत होता ते खरं सांगतो. "सगळ्यांचे मिळून चारशे देईन ताई." तीच फळं मी पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला कितीला विकली असती तो आकडा सांगायची मला लाज वाटते. मेसेज पाठवला नाही. फोन पालथा ठेवला आणि चहा करायला गेलो.

आजचा भाग त्या न पाठवलेल्या मेसेजमुळं सुचला. एकीकडं वेड लागल्यासारखं गोळा करायचं आणि दुसरीकडं गल्ल्यावर बसायचं, अशी माणसं आपल्याकडं आधी कोण होऊन गेली? त्यांनी काय केलं?

चला तेरला. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीकाठचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी याचं नाव होतं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं एक टिपण आहे. कुठल्या बंदरात काय मिळतं, कुठं धोका आहे, असं व्यापाऱ्यांच्या कामाचं. त्यात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावं येतात. तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून पश्चिमेला रोमन जगात. म्हणजे मराठवाड्यातून माल पॅक करून लांबच्या गिऱ्हाइकाला पाठवायचा धंदा काही माझ्यापासून सुरू झालेला नाही.

सातवाहनांच्या त्या काळात तेरला मातीच्या बाहुल्या बनत होत्या. कशा, ते ऐका, कारण इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. पुढच्या बाजूचा एक साचा, मागच्या बाजूचा एक साचा. दोन्हींत केओलिन म्हणजे बारीक पांढरी माती दाबायची, दोन अर्धी एकमेकांना जोडायची, आत पोकळ ठेवायचं आणि मग भाजायचं. पोकळ असल्यामुळं माती कमी लागते, वजन कमी होतं आणि भाजताना तडकायची भीतीही कमी. दुहेरी साच्याची ही पद्धत रोमन जगाशी असलेल्या संबंधांतून आली असावी, असं अभ्यासक मानतात. जत्रेत मिळणारी स्वस्त प्लास्टिकची बाहुली घ्या आणि तिच्या कुशीवर बोट फिरवा. जी शिवण लागेल ना, ती हीच युक्ती.

आता या सगळ्या खेळणी होत्या का? नाही. काही देवता असणार, काही नवसाच्या, काही नुसत्या शोभेच्या. मातीत दोन हजार वर्षं पडलेली वस्तू स्वतःहून सांगत नाही, की मी देव्हाऱ्यात होते की पोराच्या हातात. तेरची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, तिला आपण कौतुकानं तेरची बाहुली म्हणतो, पण तिच्याशी कुणी बाहुलीसारखं खेळलं असेल असं काही नाही. तिची जवळची बहीण इटलीत सापडली, पॉम्पेईत, १९३८ साली. पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती त्याआधीच तिथं पोचली होती. जालन्याच्या भोकरदनलाही त्याच घाटणीची हस्तिदंती मूर्ती मिळालीय.

आता मुद्द्याचा माणूस. तेरचं हे सगळं वैभव आज सरकारी संग्रहालयात आहे आणि त्या संग्रहालयाला नाव आहे रामलिंगप्पा लामतुरे यांचं. लामतुरे पुरातत्त्व खात्यात नव्हते, प्राध्यापक नव्हते. तेरचे व्यापारी होते. तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर, पाऊस पडून गेला की मणी, नाणी, खापरं, बाहुल्यांची मुंडकी उघडी पडायची. गावाला त्याचं नवल नव्हतं. पोरं उचलून फेकत असतील. लामतुऱ्यांनी ती गोळा करायला घेतली आणि आयुष्यभर करत राहिले. संग्रह वीस हजारांच्या वर गेला. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर छोटं पुस्तक लिहिलं, पुढं तिथं रीतसर उत्खननही झालं, आणि लामतुऱ्यांचा संग्रह शेवटी सरकारकडं, म्हणजे आपल्या सगळ्यांकडं आला.

इथं थोडं थांबतो, कारण तेर म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला दुसरीच गोष्ट आठवते. तेर हे गोरोबाकाकांचं, संत गोरा कुंभारांचं गाव. आणि आमच्या हिंगोलीजवळचं नरसी हे नामदेवांचं. गोरोबाकाकांनी सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं ते पाहिलं आणि आमच्या नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकलीच असेल. आम्ही नरसीच्या बाजूची माणसं त्यावर अजून थोडी नाराज आहोत, ते सोडा. पण खेळण्यांच्या इतिहासात हा फरक अगदी शब्दशः खरा आहे. भाजलेली माती दोन हजार वर्षं टिकते. कच्ची माती एका पावसाळ्यात विरघळते.

आमच्याकडं पोळ्याला मातीचे बैल करतात ना, ते कच्चे. आजी करायची. शिंगं वेगळी, वशिंड बोटांनी चिमटून काढलेलं, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ते आम्हा पोरांच्या ताब्यात. म्हणजे पोळ्याच्या दिवशी देव, दुसऱ्या दिवशी खेळणं! अभ्यासक 'देव की खेळणं' म्हणून वाद घालतात तेव्हा मला आजीचे बैल आठवतात. दोन्ही असू शकतं की. आणि आठ दिवसांत त्यांची माती अंगणात मिसळून जायची. त्यातला एकही माझ्याकडं नाही. खेळण्यांचा संग्राहक म्हणवतो मी, पण स्वतः ज्याच्याशी सगळ्यात जास्त खेळलो ते खेळणं माझ्या संग्रहात नाही. फोटोसुद्धा नाही.

आमच्या शेजारीच विदर्भ सुरू होतो. तिकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत मिरवतात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासूनची ही चाल मानतात. चाकांच्या बैलाचं नातं आपल्या मातीत किती मागं जातं, त्याचं उत्तर कदाचित दायमाबादला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ साली तिथं एका शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या : दोन बैल जोडलेला रथ आणि त्यात उभा माणूस, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. चारहींचं वजन मिळून साठ किलोच्या वर. काळ साधारण साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात, त्यावर वाद आहेत. रथाला चाकं आहेत, प्राण्यांखालीही चाकांची सोय आहे. दिसायला हुबेहूब ओढायचं खेळणं. पण इतक्या वजनाचं खेळणं कोणतं पोरगं ओढणार? ते मिरवणुकीचं किंवा पूजेचं काही असावं, असंच बहुतेकांना वाटतं. मला वाटतं, ज्यानं ते घडवलं त्यानं आधी मातीचं किंवा लाकडाचं छोटं गाडं पोराच्या हातात पाहिलं असणार. हा माझा अंदाज, पुरावा नाही. पुरावा विरघळला असेल किंवा चुलीत गेला असेल.

खेळण्यांच्या इतिहासाची खरी अडचण ही आहे. जे खेळलं गेलं ते संपलं. जे उरलं ते एक तर पुरलं गेलं म्हणून, किंवा कुणाच्या तरी हट्टानं.

तशा हट्टाचा आपला सगळ्यात मोठा माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, १८९६ ते १९९०. 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहायचे. पोटापाण्याला घरचं चष्म्याचं दुकान. हो, हेही दुकानदारच! साधारण १९२० पासून ते जुन्या वस्तू गोळा करायला लागले, आणि तेही राजेरजवाड्यांच्या तलवारी-दागिन्यांपुरतं नाही. अडकित्ते, दिवे, फण्या, पाय घासायच्या वज्री, कुलपं, भांडी, बाहुल्या, खेळणी, सोंगट्या. घरात रोज वापरायच्या, तुटल्या की मोडीत जाणाऱ्या वस्तू. त्यांच्या डोळ्यांदेखत वाडे पडत होते, एकत्र कुटुंबं फुटत होती आणि पितळ किलोवर जात होतं. भातुकलीची चूल-परातसुद्धा मोडवाल्याला धातूच असते. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्याबरोबर होत्या. १९६० पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास वस्तू झाल्या. १९६२ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला.

संग्रहालयाचं नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. बरेच लोक समजतात की कुणी केळकर नावाचे राजे होते. तसं नाही. राजा हा त्यांचा मुलगा. लहानपणीच गेला. कॉलेजला असताना हे मला तिथं समजलं. त्यानंतर खेळण्यांच्या कपाटासमोर उभं राहणं वेगळं झालं. मी तिथं प्रोजेक्ट बुडवून गेलो होतो, मित्र बाहेर थांबले होते. त्यांना वीस मिनिटं सांगून मी दोन तासांनी बाहेर आलो. माझं हे जे काय चाललंय ते तिथून सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही.

आता बघा, लामतुरे आणि केळकर यांच्यात एक गोष्ट सारखी आहे आणि माझ्यात ती नाही. दोघंही दुकानदार, दोघंही गोळा करणारे. पण त्यांचा धंदा एकीकडं आणि संग्रह दुसरीकडं. केळकरांनी चष्मे विकून अडकित्ते घेतले, अडकित्ते विकून चष्मे घेतले नाहीत. माझं दुकानच माझा संग्रह आहे. जे मला सगळ्यात आवडतं तेच मला विकायचं असतं, आणि ते मी अशा माणसाकडून घेतो ज्याला त्याची किंमत माहीत नसते. तिथंच सगळी गोची.

त्या ताईंची फळं जिथली, त्या निर्मलबद्दल थोडं. नांदेडहून भोकर, भैंसा करत गेलं की तेलंगणात निर्मल लागतं. आज ते परराज्य, पण १९५६ पर्यंत आम्ही आणि ते एकाच हैदराबाद संस्थानात, नंतर राज्यात. आमचं जाणं-येणं पुण्यापेक्षा तिकडं जास्त. निर्मलचे कारागीर पोणिकी नावाचं पांढरं, फार हलकं लाकूड वापरतात. भाग कोरून जोडतात, सांधे लाकडाच्या भुशात चिंचोक्याचा चिकट मिसळून भरतात, वरून रंग. फळं इतकी खरी दिसतात की पाहुण्याच्या पुढं ठेवून फजिती करायची हा घरोघरचा खेळ होता. निर्मलच्या खेळण्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

महाराष्ट्रात अशी फळं म्हणाल तर सावंतवाडीची. चितार आळीत आजही रंगीत लाकडी फळं, भाज्या, पाट, खेळणी दिसतात. पांगाऱ्याचं लाकूड, लाखेचं काम. तिथंही एक वेळ अशी आली होती की गंजिफाचे गोल पत्ते करणारे हात जवळजवळ संपले होते. दशावतारी गंजिफाचा संच १२० पत्त्यांचा, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, आणि प्रत्येक पत्ता हातानं रंगवलेला. कोण करणार आणि कोण घेणार? सत्तरच्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारखाना घातला, उरलेल्या जुन्या कारागिरांकडून शिकून घेतलं, नव्या पोरांना बसवलं आणि माल विकायला ठेवला. विकायला ठेवला, हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसतं काचेच्या कपाटात ठेवलं असतं तर जुने पत्ते वाचले असते, पण पत्ते करायची विद्या गेली असती. म्हणजे विकण्यानं वस्तू हातची जाते हे खरं, पण कला तगते. हे वाचल्यापासून मला स्वतःच्या धंद्याबद्दल जरा बरं वाटायला लागलंय.

आता प्लास्टिकचं युग, इथं पटकन जाऊ, कारण यावर आपण वेगळा भाग केलाय. व्हीआयपी सूटकेसवाली ब्लो प्लास्ट ही मुंबईची कंपनी. तिची लिओ नावाची खेळणी होती. पुढं अमेरिकेच्या मॅटेलबरोबर ती लिओ मॅटेल झाली आणि बार्बी, हीमॅन, हॉट व्हील्स भारतात बनायला लागल्या. १९८७ मध्ये टायरवाल्या एमआरएफनं हॅस्ब्रोबरोबर फनस्कूल काढली, कारखाना गोव्यात. सूटकेसवाले आणि टायरवाले खेळण्यात! या दोघांच्या मालाची गंमत अशी, की साचा अमेरिकेतला पण रंग इथं ठरलेले. त्यामुळं असे हीमॅन आणि जी. आय. ज्यो तयार झाले, जे जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. तेव्हा कुणी त्याला विचित्र म्हणालं असेल, आज परदेशातले संग्राहक तेच शोधत फिरतात. सुरुवातीला सांगितलेली खोकं दबलेली गाडी लिओचीच. परभणीच्या एका जुन्या स्टेशनरी दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडली होती. तिथंही मी तोंड बंद ठेवूनच घेतली होती, हे आज कबूल करतो.

हे परदेशी गिऱ्हाईक आपल्यापर्यंत कसं पोचलं? इंटरनेटवरच्या लिलावांमुळं. भारतात बाझी डॉट कॉम होती, २००४ मध्ये ती ईबेनं घेतली. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडं गेली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंदच झाली. माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे संग्राहक त्या दिवसांबद्दल असे बोलतात, जसं आपले आजोबा बंद पडलेल्या टॉकीजबद्दल बोलतात.

ईबेची एक जन्मकथा आहे, ती तुम्ही एखाद्या स्टार्टअपच्या व्हिडिओत ऐकली असेल. संस्थापक पिएर ओमिद्यार यांच्या होणाऱ्या बायकोला पेझच्या गोळ्यांच्या डब्या जमवायचा नाद, तिला दुसरे नादिष्ट भेटावेत म्हणून त्यांनी साइट काढली. किती गोड! फक्त ती खोटी आहे. १९९७ मध्ये कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाईंनी ती रचली, कारण खरी गोष्ट पत्रकारांना रुचत नव्हती. २००२ मध्ये ॲडम कोहेन यांच्या पुस्तकात हे उघड झालं. खरं तर १९९५ मध्ये तिथं पहिली विकली गेलेली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. मला यात गंमत ही वाटते, की कंपनीला आपला माल विकायला एका संग्राहकाची गोष्ट बनवावी लागली. आपल्याकडं तेर आणि पुण्यात तशी खरी माणसं होऊन गेली, त्यांची गोष्ट सांगायला मात्र कुणी पगारी माणूस नव्हता.

आता कायद्याचं. झोपू नका, हे माझ्या पोटाशी आलेलं आहे. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रानं खेळण्यांवरचा आयात कर २० टक्क्यांवरून ६० टक्के केला, २०२३ मध्ये ७०. त्याच २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी असलेल्या वस्तूवर आयएसआय चिन्ह सक्तीचं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि जीआय मिळालेल्या वस्तूंच्या अधिकृत उत्पादकांना सूट आहे. निर्मलचा कारागीर सुटला. पण आमच्या आठवडी बाजारात पोळ्याआधी बैल घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या कुंभाराची कसली आली नोंदणी? बाजारात कुणी त्याला विचारत नाही हे ठीक. पण त्याचे बैल मी दुकानात खेळणं म्हणून टाकू शकत नाही, आणि टाकतही नाही.

नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग, ही भारतात लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे माझ्या खोलीतलं जवळपास सगळं त्याआधीचं आहे. त्यामुळं प्रत्येक वस्तूखाली मी ठळक लिहितो : मोठ्यांच्या संग्रहासाठी, लहान मुलांना देऊ नये. भाच्याला त्या खोलीत प्रवेश नाही. खेळण्यांनी भरलेली खोली आणि दारात रडणारं चार वर्षांचं पोरगं, हे दृश्य मला अजिबात आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

यावर अरविंद गुप्ता काय म्हणतील असं मला नेहमी वाटतं. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, ती सोडून मुलांसाठी काड्यापेटी, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब, वर्तमानपत्र यातून खेळणी करायला लागले. आयुकामधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात २००३ पासून दहाएक वर्षं होते, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांना भावच नाही, कारण ती कचऱ्यातून होतात आणि तोडूनच शिकायची असतात. त्यांची कृतिपुस्तकं, व्हिडिओ सगळं फुकट उघडं ठेवलंय. माझ्या धंद्याच्या अगदी उलट टोक. भाच्याला मी तेच करून देतो. त्याला काड्यापेटीची गाडी लिओच्या गाडीपेक्षा जास्त आवडते, आणि खरं सांगू का, त्यात त्याचं काही चुकत नाही.

बरं, त्या ताईंचं काय झालं? चहा झाल्यावर मी चारशेवाला मेसेज पुसला. लिहिलं, "ताई, ही निर्मलची लाकडी फळं आहेत, जुनी आहेत. बाहेर यांना चांगला भाव येतो, साधारण इतका." आकडा लिहिला. "माझा खर्च आणि थोडा नफा धरून मी इतके देऊ शकतो. नाहीतर ठेवून द्या, घरात शोभतील. आणि आईंना विचारा, ही कुठून आणि कधी आणली होती?"

दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. तिसऱ्या दिवशी फोनच आला. आजी स्वतः बोलत होत्या. म्हणाल्या, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात मालकांनी घेऊन दिली. सासूबाई ओरडल्या होत्या, पैसे लाकडावर घातले म्हणून. म्हणून मग पेटीत ठेवली, ती राहूनच गेली. पोपटाची चोच कुणी मोडली तेही सांगितलं. तो मुलगा आता औरंगाबादला, त्या अजून औरंगाबादच म्हणतात, नोकरीला आहे.

मी सगळं लिहून घेतलं. लामतुऱ्यांच्या संग्रहातल्या जमिनीवर सापडलेल्या कित्येक वस्तूंची एक अडचण असते : कोणत्या थरातून आली ते कळत नाही, आणि थर नाही तर काळ नीट सांगता येत नाही. घरातून निघालेल्या खेळण्यांचा थर म्हणजे ही आजी. तिला आज विचारलं नाही तर ते फळ पुढं नुसतं 'लाकडी आंबा, दक्षिण भारत' एवढंच उरणार. माझ्या शीटमध्ये आता किंमत या रकान्याच्या आधी 'कुणी सांगितलं' हा रकाना आहे. वस्तू विकली गेली तरी ती ओळ आणि फोटो माझ्याकडं राहतात, आणि घेणाऱ्याला त्याची प्रत जाते.

मग आजींनी ताईंकडं फोन दिला आणि ताई म्हणाल्या, "दादा, एवढा भाव येतो म्हणता तर अजून दोनशे वाढवा की." वाढवले. कुरिअर, खोकं, बबलरॅप धरून या व्यवहारात मला सुटणार आहेत साधारण नव्वद रुपये. पोपट त्यांनी दिला नाही. तो म्हणे नातवानं उशाशी घेतलाय. मी रंगाचं सांगितलं, तोंडात घालू देऊ नका म्हटलं. आजी मागून ओरडल्या, "त्याच्या बापानं चोच खाल्ली, त्याला काय झालं?"

पुढच्या भागात गंजिफा कसा खेळतात ते बघू. माझ्याकडं संच नाही, उसना मिळाला तर हातात घेऊन सांगतो. तुमच्या माळ्यावर काही निघालं तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, मग मला फोटो पाठवा. आणि पार्सल पाठवणार असाल तर पत्त्यात 'ता. सेनगाव, जि. हिंगोली' मोठ्या अक्षरात लिहा बाबांनो.